मोहाच्या झाडावर नाव कोणाचे?

(महिला मंडळे आणि ग्रामसभांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संपादित करून.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापला आहे, ‘मोह : लागवड व उपयोग’. सकाळी तो वाचून दोघी-तिघी हसल्या. एकीने तर विचारलेच, “म्हणजे दारू कशी गाळायची ते सांगणार का?” हसू येणे साहजिक आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणी दारूविरोधी लढ्यातूनच चळवळीत आल्या. मोह म्हटले की आपल्याला सडव्याचे माठ आठवतात, रात्रीची शिवीगाळ आठवते, डोके फुटलेल्या बाईला घेऊन दवाखान्यात केलेली धावपळ आठवते. मलाही तेवढेच आठवायचे. म्हणून लागवडीकडे वळण्याआधी माझीच एक चूक तुमच्यापुढे ठेवते.

समाजकार्याचे शिक्षण संपवून मी गडचिरोली जिल्ह्यात कामाला लागले, त्याला आता बारा-तेरा वर्षे झाली. या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती कोणा साहेबाच्या मनात आले म्हणून झालेली नाही. आधी काही वर्षे लोकांनी, आणि त्यातही बायांनी, ती मागणी लावून धरली होती. त्यामुळे गावात दारू निघाली तर ती आपणच फेकायची, असे महिला मंडळांना वाटायचे आणि ते योग्यच होते. जून महिन्यातल्या अशाच एका संध्याकाळी पंधरा-वीस बायांबरोबर मी एका घरात शिरले. मागच्या पडवीत सडव्याचे तीन माठ सापडले, ते फोडले. कोपऱ्यात वाळलेल्या मोहफुलांचे एक पोते होते. “हेच तर मूळ आहे,” असे मीच म्हणाले. ते पोते ओढत नेऊन आम्ही नाल्यात रिकामे केले. फार मोठे काम केले असे त्या रात्री मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातली विधवा सून मला भेटायला आली. भांडायला आली नव्हती. शांतपणे म्हणाली, “दारू फेकली तं बेस केलं, ताई. माठ दिराचे होते. पोतं माहं होतं. आता पावसाळा कशावर काढू?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मंडळाच्या बायांनी घरोघरी फिरून तिला तांदूळ जमवून दिला. पण तिने विचारलेला प्रश्न तांदळाने मिटणारा नव्हता. मी फूल आणि दारू या दोन गोष्टी एकच समजले होते. ती तसे समजत नव्हती. आज मी जे काही बोलणार आहे ते त्या बाईकडून शिकलेले आहे.

हे झाड कसे आहे

मोह हा चिकू, बकुळ आणि खिरणी यांच्या कुळातला. खडकाळ, मुरमाड, कमी पाण्याच्या जमिनीवर तो तग धरतो. त्याची मुळे खोल जातात, म्हणून उन्हाळ्यात भोवतालचे सगळे करपले तरी तो उभा असतो. फाल्गुन-चैत्रात पाने गळतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फूल रात्री उमलते. वटवाघळे त्याच्यावर येतात, त्यांच्यामार्फत परागीभवन होते. पहाटे फुलाचा मांसल, गोड भाग खाली गळून पडतो. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. म्हणजे खाली पडलेले फूल वेचल्याने झाडाचे काहीही जात नाही. झाड न तोडता, फांदी न ओरबाडता मिळणारे हे पीक आहे. एकेक झाड दोन-तीन आठवडे तरी गळत राहते.

हे पीक वेचते कोण? बाया आणि मुले. पहाटे तीन-चारला उठून, टोपली घेऊन, अंधारात. ऊन चढायच्या आत वेचले नाही तर फुले गुरे खातात, हरणे खातात, नाहीतर ती सुकून मातीला चिकटतात. अस्वलालाही मोहफूल आवडते, आणि अस्वलाची व बाईची झाडाखाली येण्याची वेळ एकच. चंद्रपूर जिल्ह्यात मोह आणि तेंदू वेचायला गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात दगावल्या आहेत. वेचून आणले की अंगणात चार-पाच दिवस वाळवायचे, राखण करायची, अवकाळी पाऊस आला तर धावत गोळा करायचे. चार-पाच किलो ओली फुले वाळून जेमतेम एक किलो होतात. एका पोत्यामागे किती पहाटा गेल्या असतील याचा हिशेब मी त्या दिवशी नाल्याकाठी केला नव्हता.

फूल गुन्हेगार कसे झाले

वाळलेल्या फुलाच्या वजनात सुमारे निम्मी साखर असते. साखर आहे म्हणून ते आंबते आणि आंबते म्हणून त्याची दारू होते. पण सरकारला या फुलाची काळजी वाटू लागली ती लोक पितात म्हणून नव्हे. इंग्रज सरकारने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा करून दारू गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता आपल्या हातात घेतला. जंगलात फूल फुकट मिळत असेल तर मक्तेदाराची दारू कोण घेणार? म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहफुलांबद्दल वेगळा कायदाच झाला आणि फूल गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधने आली. आदिवासी घरात जे फूल टंचाईच्या महिन्यात शिजवून खात असत, ते घरात सापडणे हा गुन्हा झाला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हेतू वेगळा होता, पण मोहफुलावरची बंधने त्यातही राहिली. या बंधनांचा फटका कोणाला बसला ते पाहा. परवाना काढणे व्यापाऱ्याला जमत होते. पोते डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला जमत नव्हते. वाटेत कोणी अडवील या भीतीने ती दारात आलेल्या व्यापाऱ्यालाच, तो म्हणेल त्या भावाने, चैत्र-वैशाखातच माल देऊन मोकळी व्हायची. तोच मोह पावसाळ्यात त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने त्याच गावात परत यायचा. कायद्याने दारू थांबली नाही. बाईचा भाव मात्र पडला.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे, बाळगण्यावरचे आणि वाहतुकीचे निर्बंध उठवले. ही चांगली गोष्ट झाली. पण गावोगाव फिरताना विचारून पाहा, किती बायांना ते माहीत आहे? आणि एक स्पष्ट करते, कारण यावर गैरसमज होतो. मोकळे झाले ते फूल. दारू गाळण्याची मोकळीक त्यात नाही. मध्य प्रदेशात अलीकडे मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दारू म्हणून मान्यता मिळाली आहे. आपल्याकडेही तशी मागणी होते, आदिवासींना रोजगार मिळेल असे सांगितले जाते. यावर आपल्यात मतभेद असतील, ते असू द्यावेत. मात्र जो कोणी ही मागणी घेऊन येईल त्याला एवढे विचारावे : कारखाना कोणाच्या नावावर, आणि फुलाचा भाव कोण ठरवणार?

झाड कोणाचे

आता मूळ प्रश्नाकडे येते. ज्या गावांत मी काम केले तिथे जंगलातले मोह घरांमध्ये वाटलेले असतात. कागद नसतो, पण अमुक झाड अमक्याचे हे लहान पोरही सांगते. हा वाटा बापाकडून मुलाकडे जातो. लेक लग्न होऊन गेली की तिचा माहेरच्या झाडावरचा हक्क संपतो. सासरचे झाड नवऱ्याचे. नवरा वारला किंवा त्याने टाकले, की झाड दिराकडे किंवा सासऱ्याकडे. मग ती बाई त्याच झाडाखाली अर्ध्या वाट्याने वेचते. माझ्या नाल्यात गेलेले पोते असे अर्ध्या वाट्याचे होते. निम्मी फुले दिराला देऊन उरलेली निम्मी. आणि त्याच्या निम्म्या फुलांचा सडवा शेजारच्या माठांत होता.

आपण म्हणतो, मोह हा आदिवासी बाईचा आधार आहे. कष्टाच्या हिशेबाने हे खरे आहे. मालकीच्या हिशेबाने खरे नाही. पहाट तिची, टोपली तिची, अस्वलाची भीती तिची, आणि झाड मात्र दुसऱ्याचे. शेतजमिनीच्या बाबतीत आपण ‘सातबाऱ्यावर बाईचे नाव’ ही मागणी किती वर्षे करतो आहोत. जंगलातल्या झाडाला सातबारा नाही, म्हणून त्याच्यावर बाईचे नाव मागायचे आपल्याला सुचलेच नाही.

कायद्यात यासाठी जागा आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे यावरचा मालकी हक्क त्यात मान्य केला आहे. वैयक्तिक हक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा, असे कायदाच सांगतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असायला हव्यात, आणि हे हक्क ठरवणाऱ्या ग्रामसभेतही हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे अनेक गावांना वाट दिसली. पण सामूहिक हक्क गावाला मिळाला म्हणजे तो बाईपर्यंत पोचला असे आपोआप होत नाही. गावाच्या आत वाटणी कशी होते, तिथे आपले काम सुरू होते.

लावायचा कसा

लागवड हा विषय मी इतका मागे का ठेवला, हे आता लक्षात येईल. मोहाखाली नवी रोपे दिसत नाहीत ही सगळीकडची तक्रार आहे. कारण सोपे आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्यात लहान रोपे जळतात आणि वणवाही लागतो. उरलेले बी तेलासाठी वेचले जाते. उरलेल्या रोपांवर गुरे चरतात. जुनी झाडे वठत चालली आहेत आणि त्यांच्या जागी कोणी लावत नाही. लावणार तरी कोण? बियांपासून वाढलेला मोह फुलायला साधारण दहा वर्षे घेतो. ज्या बाईला पुढच्या वर्षी आपण या घरात असू की नाही याची खात्री नाही, तिला दहा वर्षांनी फुलणारे झाड लाव असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून पहिली गोष्ट अशी की, लावण्याआधी ग्रामसभेत ठराव करून घ्या की ही झाडे कोणाची. दुसरी गोष्ट, लावण्याची पद्धत.

मोहाची फळे मे ते जुलैमध्ये पिकतात. गडचिरोलीकडे त्यांना टोळ म्हणतात, ठाण्या-पालघरकडे दोडे. चांगल्या, भरपूर फुले देणाऱ्या झाडाखालची पिकलेली फळे घ्या. कोणते झाड चांगले हे कृषी अधिकाऱ्याला विचारण्याआधी वेचणाऱ्या बायांना विचारा, त्यांना प्रत्येक झाड माहीत असते. गर काढून बी धुवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत लावून टाका. हे बी साठवून ठेवता येत नाही. उगवण्याची ताकद फार लवकर जाते. पुढच्या वर्षी लावू म्हणून डब्यात भरून ठेवलेले बी फुकट गेले, हे आमच्याही मंडळात झाले आहे.

बी आडवे ठेवून बोटाच्या एका पेराहून जास्त खोल पुरू नका. सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून आखूड पिशवी चालत नाही. वीतभराहून लांब पिशवी घ्या. नाहीतर पावसाळ्याच्या सुरुवातीला खड्ड्यात थेट बी टोका, तेही चालते. पिशवीतले रोप पुढच्या पावसाळ्यात लावा आणि लावताना मूळ दुखावू देऊ नका. दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर हवे. पाणी साचणारी जागा टाळा. पहिली दोन-तीन वर्षे कुंपण, आणि उन्हाळ्याआधी भोवतालचे गवत काढून वणव्यापासून राखण, एवढे केले तर पुढे तो स्वतःचे स्वतः पाहतो. कलमाची झाडे बियांच्या झाडांपेक्षा लवकर फुलतात. मिळाली तर काही जरूर लावा, पण सगळी एकाच झाडाची कलमे नकोत.

आणि जुन्या झाडांखाली आग लावणे थांबवायला हवे. पाला झाडून काढला तरी काम होते. झाडाखाली जाळी बांधली तर आगीची गरज उरत नाही, फूल मातीत पडत नाही, स्वच्छ फुलाला खाण्यासाठी भाव मिळतो, आणि अंधारात वाकून एकेक वेचण्याची सक्तीही कमी होते. अंधारातल्या त्या तासाभरातच अस्वलाची गाठ पडते. बचतगटाच्या पैशातून शिलाई मशीन घेण्याची आपल्याला सवय आहे. जाळ्या घेऊन पाहा.

वापरायचा कसा

दारूशिवाय मोहाचे काय करतात, हे आपल्या शहरातल्या मैत्रिणींना सांगायला हवे. वाळलेली फुले भाजून, तीळ किंवा जवसाबरोबर कुटून लाडू करतात. उकडून खातात, पिठात घालून भाकरी करतात. कच्च्या फळाची भाजी होते. बियांच्या गरात एक तृतीयांशाहून अधिक तेल असते. ते खाण्यात वापरतात, दिव्याला वापरतात. थंडीत ते तुपासारखे थिजते आणि भेगा पडलेल्या टाचांना लावतात. पेंड खत म्हणून शेतात जाते. मात्र पेंडीत सॅपोनिन हे विषारी द्रव्य असते, ती गुरांपुढे तशीच टाकू नका.

हे सांगताना एक सावधगिरी. हल्ली मोहाचे लाडू म्हणजे कुपोषणावरचा रामबाण असे कागदोपत्री लिहिलेले वाचनात येते. मोहात ताकद देणारी साखर आहे, पण साखरेने मुलाचे पोषण पूर्ण होत नाही. डाळ, अंडी, दूध, भाजी यांची जागा लाडू घेऊ शकत नाही. ‘तुमच्याकडे मोह आहे ना’ असे म्हणून अंगणवाडीतल्या घासावर कोणी काट मारू लागले, तर ते आपण चालू देता कामा नये.

विक्रीबद्दल एवढेच. चैत्रात सगळ्या जणी एकदम विकतात, म्हणून भाव पडतो. चांगले वाळवलेले फूल कोरड्या जागी नीट ठेवले तर काही महिने टिकते. मंडळाने सामाईक कोठार केले आणि गरजेपुरती उचल दिली, तर बाई पावसाळ्यापर्यंत थांबू शकते. केंद्र सरकारने २०१३-१४ पासून गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली आहे. खरेदी केंद्र आपल्या भागात उघडते की नाही, आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात, हे दोन्ही पाहायला हवे. वेचले बाईने आणि खाते नवऱ्याचे, असे असेल तर आपण पुन्हा पहिल्या पानावर.

दोन्ही हक्क एकाच हातात

शेवटी एका कायद्याची आठवण करून देते. पेसा कायदा १९९६ चा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना आणि पंचायतींना कोणते अधिकार द्यायचे, याची त्यात यादी आहे. त्या यादीत पहिला अधिकार आहे नशेच्या पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा. लगेच त्याच्या खालचा अधिकार आहे गौण वनोपजाच्या मालकीचा. कायदा करणाऱ्यांनी हे दोन शेजारी ठेवले. आपण मात्र गेली कित्येक वर्षे पहिला तेवढा वाचला. आपण माठ फोडायला गेलो, पण झाडाखाली गेलो नाही. दारूविरुद्धचा लढा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. तो उद्याही करायचा आहे. पण बाईच्या हातात फुलाची मालकी असेल, तर ते फूल माठात जायचे की कोठारात, हे ठरवण्याची ताकद तिच्या हातात येते. मग माठ फोडायला तिला आपली वाट पाहावी लागणार नाही.

त्या गावात पुढे काय झाले, ते विचाराल. तीन-चार वर्षे गेली. ग्रामसभेने जंगलातल्या मोहांची यादी केली. एकाही झाडापुढे बाईचे नाव नव्हते. मंडळाच्या बायांनी दोन सभा बसू दिल्या नाहीत, तिसऱ्या सभेत ठराव झाला. विधवा आणि टाकलेल्या बायांना त्या वेचत आलेली झाडे पूर्ण वाट्याने, आणि नव्याने लावलेली सगळी झाडे मंडळाच्या नावे. पुरुषांनी सही केली, पण कुरकुर आजही आहे. दिराने एक वर्ष तिची फुले गुरांना चारली. दारूही गावातून पूर्ण गेलेली नाही. सगळे छान झाले असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

पण त्या बाईच्या नावापुढे आज दोन झाडे लिहिलेली आहेत. गेल्या पावसाळ्यात तिने मंडळाच्या जागेत तिची म्हणून आणखी तीन रोपे लावली. मी तिला म्हटले, “ही फुलायला दहा वर्षं लागतील, बाई.” ती म्हणाली, “लागू दे ना, ताई. आता मले कोण काढते इथून?”

परत गेल्यावर आपापल्या गावात मोहांची यादी करा, आणि प्रत्येक झाडापुढे नाव कोणाचे आहे ते लिहून आणा. पुढच्या शिबिराची सुरुवात आपण त्या याद्यांपासून करू.